फळी कुठे जाड, कुठे बारीक: बोल्ट फिरवण्याआधी फळी मोजा

चंदगड रस्त्याला राहणाऱ्या एका भावांनी विचारलं आहे: घरच्या आवारात फिरतं बँडसॉ मशीन (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडने ओंडका कापणारं) बसवून वर्ष झालं, इंजिन पेट्रोलचं, १३ हॉर्सपॉवरचं. ओंडके १० फुटी, बहुतेक आंबा आणि फणस, थोडं मत्ती (ऐन). एक इंचाची फळी काढायला गेलं की कुठे आठ सूत (म्हणजे बरोबर एक इंच), कुठे दहा, कुठे साडेसहा. मध्येच लाट येते. नवीन ब्लेड टाकून झालं, गाईडचे, म्हणजे ब्लेडला आधार देणाऱ्या रोलरचे, बोल्ट फिरवून झाले, फरक नाही. आता मोठं इंजिन घ्यावं का?

इंजिन घेऊ नका. तुमच्या मापाच्या ओंडक्यांना १३ हॉर्सपॉवर पुरतं. ब्लेड भरकटत असेल तर मोठं इंजिन त्याला आणखी जोरात भरकटवेल, इतकंच.

मी खानापूर तालुक्यात बावीस वर्षं लाकूड कापतो. त्यातली पहिली काही वर्षं मामांच्या वखारीत गेली, पुढे स्वतःचं मशीन. तुमची तक्रार वाचली तेव्हा माझी सुरुवातीची दोन वर्षं आठवली, कारण मीही असाच रोज एक नवा बोल्ट फिरवत होतो. सोमवारी गाईड, मंगळवारी टेन्शन (ब्लेडचा ताण), बुधवारी ज्यावरून मशीन सरकतं ते रूळ. आठवडा संपला की पहिली चूक कुठे होती आणि आपण घातलेली कुठली, हेच कळेनासं व्हायचं.

तुमची खरी अडचण मशीनच्या आधी इथे आहे. ‘फळी सरळ येत नाही’ या एका वाक्यात वेगवेगळे दोष एकत्र झालेत आणि ते वेगळे केल्याशिवाय कुठल्याच दुरुस्तीचा गुण येणार नाही. पुढचं बरंचसं लाकूड कुठलं, ओलं की वाळलेलं, मशीन काळ्या रानात उभं आहे की तांबड्या मातीत, आणि ब्लेडला धार कोण लावतं यावर अवलंबून आहे. तुमच्या अंगणात उभा राहून मी हे पाहिलेलं नाही. पण दोष ओळखायची रीत सगळीकडे एकच आहे, ती सांगतो.

एक दिवस गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवा. एका ओंडक्याला चारी बाजूंनी चौकोनी करा आणि वरून खाली सलग फळ्या काढा. प्रत्येक फळीवर खडूने नंबर घाला, कुठलं टोक इंजिनकडचं तेही लिहा. मग व्हर्नियर घेऊन दर फुटावर, दोन्ही कडांना, जाडी मोजा आणि आकडा तिथेच फळीवर पेन्सिलने लिहा. १० फुटी फळीवर २२ आकडे होतात. कंटाळवाणं काम आहे, पण ज्या दिवशी मी हे पहिल्यांदा केलं त्या दिवशी माझे निम्मे गैरसमज गेले.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगतो, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. फळीची जाडी दोन कापांमधलं अंतर असते, एक वरचा काप, एक खालचा. जी चूक दोन्ही कापांत सारखीच होते ती जाडीत दिसतच नाही. रुळाला मध्ये दोन सूत बाक असेल तर दोन्ही काप त्याच बाकाने जातील. फळी वाकडी निघेल, पण जाडी सगळीकडे सारखी असेल. ब्लेड बेडला, म्हणजे ओंडका ठेवायच्या चौकटीला, तिरकं असेल तरी तेच, दोन्ही काप तितकेच तिरके. ही चूक उघडी पडते ती शेवटच्या, बेडवर टेकलेल्या फळीत, कारण तिचा खालचा पृष्ठभाग आधीच्या कापाने ठरलेला असतो आणि तो ओंडका उलटवून बेडवर टेकलेला असतो. ओंडका एक चतुर्थांश फिरवल्यावर गुणिया लावलात आणि कोपरा काटकोनात आला नाही तर तीही याच चुकीची खूण.

म्हणून पहिला प्रश्न हा: वरच्या सगळ्या फळ्या मापात आणि फक्त शेवटची बिघडलेली आहे का? तसं असेल तर ब्लेडला हात लावू नका, बेड आणि रूळ बघा. मधल्याच फळ्या जाड-बारीक येत असतील, तर दोन कापांच्या मध्ये काहीतरी बदलतंय. बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: ब्लेड भरकटतं, उंचीचा स्क्रू सरकतो, किंवा ओंडका जागचा हलतो.

त्यांतही फरक करता येतो. एकावर एक आलेल्या दोन फळ्या पुन्हा तशाच रचा. वरची जिथे साडेसहा सूत आहे तिथेच खालची साडेनऊच्या आसपास असेल, म्हणजे दोघींची बेरीज ठरल्याप्रमाणे येते, तर मधला काप वर चढला होता. दोष ब्लेडचा. फळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी जाड किंवा एकसारखी बारीक, आणि पुढची वेगळ्याच मापाची, तर उंची चुकते. आणि मध्यभागी जाड, दोन्ही टोकांना हळूहळू बारीक होत गेलेली फळी असेल तर दोष मशीनचा नाहीच. तो लाकडातला ताण आहे.

तुमच्या वर्णनात लाट आहे, म्हणून ब्लेडपासून सुरू करतो. आपल्या मशीनवर बहुतेक सव्वा इंच रुंद, ४२ थाऊ जाडीचं ब्लेड असतं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले टर्नर हाच शब्द वापरतात.) दात एक वर वाकलेला, एक खाली वाकलेला, एक सरळ, असा क्रम असतो. हे वाकवणं म्हणजे सेट. वरचे आणि खालचे दात सारखे वाकलेले आणि सारखेच धारदार असले तर ब्लेड सरळ चालतं. नाहीतर ते जास्त सेटच्या किंवा जास्त धारेच्या बाजूला ओढलं जातं. नवीन ब्लेड म्हणजे नक्की चांगलंच, असं समजू नका. धार लावून आलेलं तर मोजल्याशिवाय घेऊच नका.

हे मला पैसे घालवून कळलं. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी ब्लेड धारेला देत होतो. धार सुंदर, बोट लावलं तर कापेल अशी. तरी मत्तीच्या ओंडक्यावर वरच्या अरुंद फळ्या ठीक यायच्या आणि रुंदी १४ इंचाच्या पुढे गेली की ब्लेड शिरल्याबरोबर खाली बसायचं. गाईड बदलले, बेअरिंग बदलल्या. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर बसून, मांडीवर पोतं टाकून, डायल गेज लावून एकेक दात मोजला. वरचे दात १५ थाऊ, खालचे २४. सलग तीस दात मोजले, सगळे तसेच. पोराला हाक मारून दाखवलं तर तो म्हणाला, ‘मग ते खालीच जाणार की.’ दोन महिन्यांचं लाकूड खराब झालं होतं. तेव्हापासून सेट मोजायचं गेज मी टूलबॉक्समध्ये नाही, ब्लेडच्या खिळ्याशेजारी टांगून ठेवतो.

किती सेट द्यावा? ओल्या आंब्यासारख्या मऊ लाकडाला एका बाजूला २२ ते २५ थाऊ. वाळलेल्या मत्तीला १६ ते १८ पुरतात. भुसाच सांगतो. काप झाल्यावर फळीवरचा भुसा हाताने सहज झटकला गेला पाहिजे आणि थोडा कोमट लागला पाहिजे. घट्ट चिकटून गरम लागत असेल तर सेट कमी पडतोय, मोकळा ढीगभर उडत असेल आणि फळीवर खरखरीत रेषा असतील तर जास्त आहे. दाताचा पुढे झुकलेला कोनही लक्षात ठेवा. साधारण कामाला १० अंश चालतात, पण कडक, गाठाळ किंवा वाळलेल्या लाकडाला ७ किंवा ४ अंशाचं ब्लेड जास्त सरळ चालतं.

धार जाते कधी? आपल्या भागात लवकर, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा लाकूड नसून माती असते. ओंडका रानातून ओढत आणला की सालीत जांभ्याची खर भरते. ती खर ज्या बाजूच्या दातांना आधी भेटते ती बाजू आधी बोथट होते, आणि पुढच्या दहा मिनिटांत ब्लेड दुसऱ्या बाजूला पळायला लागतं. लाट यायचं हे फार नेहमीचं कारण आहे. मी ब्लेड जिथून शिरणार त्या रेषेतली साल कुऱ्हाडीने काढतो, वरून बादलीभर पाणी मारतो आणि तारेच्या ब्रशने घासतो. सागवानात सिलिका असते, ते स्वच्छ असलं तरी धार खातं. रव्यासारखा भुसा पिठासारखा बारीक व्हायला लागला, किंवा पुढे ढकलायला हाताला जोर लागायला लागला, की ब्लेड उतरवा. ‘एवढी एक फळी होऊ दे’ म्हणत काढलेली फळीच नेहमी वाया जाते.

टेन्शनबद्दल लोक सकाळी काळजी घेतात आणि दुपारी विसरतात. ब्लेड चालून तापतं, तापलं की लांब होतं, लांब झालं की ढिलं पडतं. दोन-तीन काप झाले की टेन्शनचं गेज पुन्हा बघा. नवीन ब्लेडला तर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा. संध्याकाळी काम संपलं की टेन्शन सोडून द्या, नाहीतर चाकांवरच्या पट्ट्यांना रात्रभरात खड्डा पडतो आणि सकाळी ब्लेड थरथरतं.

गाईड रोलर तुम्ही फिरवलेत म्हणून आता ते पहिल्यापासून लावावे लागतील. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात हातमोजे. रोलरने ब्लेडला साधारण दोन सूत खाली दाबलेलं असावं. त्या दाबानेच ते ताठ राहतं. मग सरळ, फूटभर लांबीची पट्टी घ्या आणि रोलरच्या शेजारी ब्लेडच्या अंगाला क्लॅम्पने अशी लावा की तिची दोन टोकं ब्लेडच्या पुढे-मागे येतील. दोन्ही टोकांपासून बेडपर्यंतचं अंतर मोजा. फरक पाव सुतापेक्षा जास्त नको. पुढचं टोक खाली असेल तर ब्लेड खाली शिरेल, वर असेल तर चढेल. हेच दुसऱ्या रोलरजवळही करा. रोलरच्या पाठच्या कडेत आणि ब्लेडच्या पाठीत अर्धा ते एक सूत मोकळं ठेवा.

सरकणारा गाईड मात्र दर ओंडक्याला हलवा. बरेचजण तो एकदा लांब सारतात आणि तिथेच ठेवतात. १० इंची ओंडक्याला २६ इंच मोकळं ब्लेड कशाला? आधार जितका लांब, तितकं गाठीपाशी ते वळणं सोपं. मी लाकडापासून दोन बोटं सोडून गाईड आणतो.

ढकलायचा वेग एकसारखा हवा. गाठ दिसली की गाठीच्या आधी हळू व्हा, गाठीत शिरून हळू होण्यात अर्थ नाही. फार हळूही नको, दात कापायचे थांबून नुसते घासत राहतात आणि तापतात. फणसाचा चीक ब्लेडला चिकटतो, त्यावर भुसा बसतो आणि ब्लेड एका अंगाने जाड झाल्यासारखं होतं. नुसत्या पाण्याने ते सुटत नाही. मी पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाकतो, थेंब-थेंब पडू देतो, आणि फणसाला दर दोन कापांनी डिझेलचं फडकं फिरवतो.

उंचीची चूक बारीक असते पण रोज होते. स्क्रूच्या आट्यांत थोडी पोकळी असतेच. खुणेवर कधी खालून वर आणि कधी वरून खाली आलात तर तेवढा फरक पडतो. नेहमी वर जाऊन मग खाली येत खुणेवर थांबा. काप किती जाड पडतो तेही हिशेबात घ्या: ब्लेड ४२ थाऊ, दोन्ही बाजूंचा सेट २०-२० थाऊ, मिळून ८२, म्हणजे दोन मिलिमीटर. एक इंचाच्या फळीला नुसतं एक इंच खाली उतरलात तर फळी दोन मिलिमीटर कमीच येणार. शिवाय ओलं लाकूड वाळून आटतं, म्हणून एक इंच तयार हवी असेल तर मी नऊ सूत काढतो.

लाकडातल्या ताणाबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या फणसातही हे असू शकतं आणि पुढेमागे निलगिरी कापलीत तर फारच दिसेल. झाडाच्या बाहेरच्या थराला लांबीच्या दिशेने ओढ असते आणि गाभा दाबलेला असतो. वरची बाजू काढली की खालची ओढ शिल्लक राहते, ओंडका मध्ये उचलला जातो, टोकं बेडवर दाबली जातात. पुढचा सरळ काप मारला की मध्ये जाड, टोकांना बारीक. खात्री करायची असेल तर दोन फळ्या काढल्यावर खाली वाकून ओंडक्याखालून लग्नपत्रिकेचा कागद सरकवून बघा. मध्यभागी तो आरपार गेला तर बोल्टला हात लावण्यात अर्थ नाही. दोन फळ्या एका बाजूने, मग उलटवून दोन दुसऱ्या बाजूने, असं फिरवत कापा. मध्ये एखादा पातळ काप मारून पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घ्या. थोडं लाकूड जातं, पण माप राहतं. उतारावर तिरकं वाढलेलं झाड असेल तर त्याच्याकडून लांब फळ्यांची अपेक्षाच ठेवू नका. चार फुटी तुकडे करून खुर्चीला, चौरंगाला वापरा.

बेड आणि रूळ आपल्याकडे जमिनीवर ठरतात. तुमच्या बाजूला तांबडी माती, जांभा जवळ, तिथे चिरे बसवून केलेला पाया टिकतो. बेळगावच्या पूर्वेला काळ्या रानात मशीन बसवलेले माझे ओळखीचे लोक आहेत. पावसात ती जमीन फुगते, एप्रिलमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि सकाळचं लेव्हल महिन्याभरात बदलतं. तिथे प्रत्येक आडव्या पट्टीखाली खालीवर करता येणारा पाया हवा. मोजायला दोरीच्या भरवशावर राहू नका, दोरी मध्ये झोळ खाते. पाण्याची लेव्हल नळी घ्या आणि ओंडका बेडवर ठेवून मोजा. दोन फूट व्यासाचा १० फुटी ओंडका ३१ घनफूट होतो, ओला आंबा असेल तर पाऊण टनाच्या आसपास वजन. रिकाम्या बेडचं लेव्हल त्याच्याखाली राहतंच असं नाही. मृगाचा पाऊस पडून गेला की आणि दिवाळीच्या सुमारास, असं वर्षातून दोनदा मी हे करतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी २२ आकडे, मग सेट मोजलेलं आणि स्वच्छ धारेचं ब्लेड, मग टेन्शन, मग गाईड, आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजणं. रूळ शेवटी, शेवटची फळी बिघडत असेल तरच.

कोणी म्हणेल, घरच्या कामाला एवढी काटेकोरी कशाला? आमच्याकडे कणकुंबीच्या बाजूला घरांवर अजून कौलं आहेत. रिपा दोन सूत वर-खाली झाल्या की कौलं डुगडुगतात, आणि तिथला पाऊस अशी एक फट सोडत नाही. मी कापून दिलेल्या रिपांवर बसवलेलं छत पहिल्या पावसात गळलं, आणि त्या घरातल्या आजींनी रात्रभर पातेली मांडली, हे मी स्वतः पाहिलंय. त्या रिपा मी पुन्हा कापून दिल्या, पण ती रात्र परत देता आली नाही.

शेजाऱ्यांचे ओंडके कापून देणार असाल तर एक सांगून ठेवतो. कर्नाटकात लाकूड कापायच्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि सागवान, शिसव स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडण्याआधी परवानगीचा प्रश्न येतो. तुमच्या मशीनला काय लागू होतं ते रेंज ऑफिसमध्ये जाऊन आधी विचारा, आणि लेखी घ्या.

आता मोजा आणि आकडे इथे लिहा. फळीचा नंबर वरून कितवा, इंजिनकडचं टोक कुठलं, लाकूड कुठलं आणि काप किती इंच रुंद होता, एवढं सोबत द्या. दोन लागोपाठच्या फळ्यांचे आकडे असले तर जास्त बरं. शेवटच्या फळीचे वेगळे लिहा.